छापील शिमगा

कल्याण,
माघ वद्य ५, शके १८०६

ती. मधुदादास सुमतीचा सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले, पण उत्तराला सवड म्हणून मिळाली नाही. आमच्या घरी सध्या लग्न निघाल्यासारखी धांदल आहे. मामंजी नव्या म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे आहेत, हे तुला ठाण्यात कळलंच असेल. ओटीवर सकाळपासून माणसं, पानाची तबकं आणि ऊठसूट चहा. सासूबाई म्हणतात, मेंबर कोण व्हायचं ते होवो, माझी चूल तेवढी आधी विझू द्या.

दादा, एक गंमत सांगते. पण तुझ्यापाशीच ठेव हो. मामंजी घरात जेवढे करारी, तेवढेच चारचौघांत बोलायला भितात. दहा माणसांपुढे उभे राहिले की पाय लटपटतात, असं सासूबाईच सांगतात. म्हणून रोज पहाटे धार काढायच्या वेळी ते गोठ्यात जातात, खुंटीला एक पगडी अडकवतात आणि तिच्यापुढे हात जोडून भाषण म्हणतात! स्वयंपाकघराच्या झरोक्यातून मला सगळं दिसतं. मध्येच थांबतात आणि पगडीलाच विचारतात, काय, बरोबर झालं ना? पगडी म्हणजे मामलेदारसाहेब, असं धरून चालत असतील. म्हैस आपली शांतपणे रवंथ करत ऐकते. राघो धार काढता काढता मान खाली घालून असतो. हसू आलं तर दाखवू नये म्हणून असेल. राघो म्हणजे कोपरचा आमचा म्हातारा गडी. मिठागर सोडून या घरी आला त्याला वीस वर्षं झाली. मला तो सूनबाय म्हणतो आणि माझ्या हातचं ताक मागून घेतो.

मला हसू येतं आणि जीवही तुटतो. एवढा मोठा माणूस आणि शाळेतल्या पोरासारखी घोकंपट्टी. तू मास्तर आहेस, तुला असली मुलं पुष्कळ भेटत असतील.

आईला सांग, प्रकृती बरी आहे. चैत्रात तू न्यायला यावंस, असं मामंजींनीच काल आपणहून सांगितलं. पहिलं बाळंतपण आईच्या हाताखालीच व्हावं, असं ते म्हणाले. मी आतापासून दिवस मोजते आहे. आईनं डिंक आणला का?

उत्तर लवकर धाड. बहिणीवर जीव आहे तो असाच असू दे.

तुझी
सुमती

ठाणे,
माघ वद्य १२, शके १८०६

चि. सौ. सुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. गोठ्याची हकिकत ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग मलाच रागावली की व्याह्यांना हसू नये. डिंक आणलाय, खारीकही आणलीय. तुझी खोली तिनं कालच शेणानं सारवून घेतली, इतकी घाई झालीय तिला.

आता रागावणार नसशील तर एक खरं सांगतो. तुझ्या मामंजींच्या विरुद्ध उभे असलेले गोपीनाथराव वकील माझ्या ओळखीचे आहेत आणि माझं मन त्यांच्या बाजूचं आहे. कारण तळं. ज्या तळ्यात म्हशी बसतात, धुणी धुतात, त्याचंच पाणी गावानं प्यायचं आणि दर दोन-चार वर्षांनी पटकीनं माणसं न्यायची, हे कुठवर चालायचं? पिण्याचं तळं वेगळं राखावं, पहारा बसवावा, असं गोपीनाथराव म्हणतात. ते सांगतात की तुझे मामंजी जुन्या चालीचे, ते तळ्याला हात लावू देणार नाहीत. मामंजींनी याबाबत काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, पण जुनी खोडं बहुधा तशीच असतात.

मी सरकारी शाळेतला मास्तर. निवडणुकीत नाक खुपसायची मला बंदी आहे. पण शिमगा तोंडावर आलाय, आणि शिमग्यात कोण कुणाला विचारतं? लेखणी नुसती शिवशिवते आहे. घाबरू नकोस, तुझा भाऊ शहाणा आहे.

आईचे आशीर्वाद. तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं मुरत ठेवलंय. आठवण ठेवत जा.

तुझा
मधुदादा

कल्याण,
फाल्गुन वद्य ४, शके १८०६

ती. मधुदादास सुमतीचा सा. न. वि. वि.

दादा, खुशाली लिहायला हात उचलत नाही. आधी विचारते. तो कागद तुझा नाही, असं मला उलट टपाली लिही.

होळीच्या दोन दिवस आधी गावभर शिळाप्रेसवर छापलेला एक कागद वाटला गेला. खाली नाव नाही. वर मोठ्या अक्षरांत होतं:

खुंटीवरल्या पगडीपुढे पंत देती भाषण,
म्हैस म्हणे रवंथ करत, ऐकलं हो आपण!
एक मत पगडीचं, दुसरं मत म्हशीचं,
तिसऱ्याला पाजतील पाणी मुकाट्यानं तळ्याचं!

यमकसुद्धा धड जुळलेलं नाही. पण ती म्हैस, ते रवंथ करणं आणि ती पगडी हे सगळं माझ्या पत्रातून उठून गेलेलं आहे. मी ते ओळखलं तेव्हा हातातली कढई सुटली.

होळीच्या दिवशी दुपारी आमच्या घरामागच्या शाळेच्या पटांगणात दोन्ही उमेदवारांची भाषणं होती. आम्ही बायका माडीच्या झडपेआड बसलो होतो. गोपीनाथराव वकील छान बोलले, लोकांनी शांतपणे ऐकलं. मग मामंजी उभे राहिले. हातात भाषणाचा कागद होता. सभ्य गृहस्थहो, एवढंच म्हणाले असतील, तोच मागच्या बाजूनं दहा-पंधरा काठ्या वर आल्या. प्रत्येक काठीवर जुनीपुराणी पगडी. सगळे ते गाणं म्हणू लागले, तोंडावर हात मारून बोंबा मारू लागले. मामलेदार हातानं खुणा करत होते, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. मामंजी काठ्यांवरच्या त्या पगड्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी कागदाची घडी केली, बंडीत ठेवली आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी मतं झाली. एकेकानं मामलेदारापुढे उभं राहून नाव सांगायचं होतं. मामंजींचं नाव घ्यायची लोकांना लाज वाटली. गोपीनाथराव निवडून आले.

आता ऐक. ती पगडी कुणाची, ते मला त्या रात्री सासूबाईंनी सांगितलं. ती माझ्या थोरल्या भावजींची, विश्रामभावजींची. कचेरीत नोकरी लागली तेव्हा मामंजींनी पगडबंदाकडून खास बांधून घेतलेली. दोन वर्षांमागच्या पटकीत भावजी आणि जाऊबाई एकाच आठवड्यात गेले, हे मला ठाऊक होतं. मी नांदायला आले ती त्यानंतर. त्यांचं नाव या घरात कुणी काढत नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही. भावजी फार चांगले बोलायचे म्हणे. मामंजी रोज पहाटे मामलेदारापुढे बोलत नव्हते. मुलापुढे बोलत होते.

आणि घरात काय झालं आहे? ही गोष्ट बाहेर फोडली कुणी, असं विचारलं गेलं. पहाटे गोठ्यात दुसरं असतं कोण? राघो. इकडची स्वारी भयंकर संतापली. राघोला सगळ्यांदेखत नको ते बोलली आणि घराबाहेर काढलं. तो बिचारा एवढंच म्हणत राहिला की मना काय ठाव, मना काय ठाव. जाताना म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि चालत कोपरला गेला. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. दादा, मी भित्री आहे.

ताबडतोब लिही.

तुझी
सुमती

ठाणे,
फाल्गुन वद्य ७, शके १८०६

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

कागद माझाच. तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

पण पगडी कुणाची हे मला कुठे ठाऊक होतं? तुलाही नव्हतं. ठाऊक असतं तर बोटं तोडून घेतली असती. मी आपला शिमग्याचा रिवाज धरून चाललो. आपल्या आळीत लहानपणी काय व्हायचं ते आठव. ज्याच्या नावानं रात्री बोंब मारायची, त्याच्याच दारी धुळवडीला रंग घेऊन जायचं आणि त्यानं हसून हातावर खोबरं ठेवायचं. बाबांच्या नावानं काय कमी बोंबा मारल्या लोकांनी? राखेबरोबर सारं धुऊन जायचं. सत्तेवर बसू बघणाऱ्याला चार चिमटे काढायचे नाहीत, तर मग निवडणूक कशाला म्हणायची? गोपीनाथराव कागद वाचून इतके हसले की त्यांनी तो तसाच छापायला धाडला.

तुझ्यापासून लपवायचं तर सगळंच लपवल्यासारखं होईल, म्हणून हेही लिहितो. त्या दिवशी मी कल्याणला आलो होतो. पटांगणात मागे, चिंचेखाली उभा होतो. पहिल्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा मीही हसलो. मग मामंजींचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. पण मी काही केलं नाही. माडीच्या झडपेकडेही बघवलं नाही. तुला न भेटता तसाच आगगाडीनं परत आलो.

आता तू कृपा करून गप्प राहा. माझं नाव फुटलं तर शाळेतली नोकरी जाईल, आणि आईला माझ्याखेरीज कोण आहे? राघोचं मलाही वाईट वाटतं. चार दिवसांत सगळे शांत होतील, त्याला परत बोलावतील. लोक विसरतात. गुढी उभारली की मी न्यायला येतोच आहे, मग निवांत बोलू.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. माया कमी करू नकोस.

तुझा
मधुदादा

कल्याण,
फाल्गुन वद्य ११, शके १८०६

ती. मधुदादास सुमतीचा नमस्कार.

शिमगा जातो आणि कवित्व उरतं, असं आपण लहानपणी हसत म्हणायचो. तू ते छापूनच ठेवलंस. काल वाण्याकडून हिंग आला, तो त्याच कागदात बांधून. सासूबाईंनी पुडी उलगडली आणि तशीच चुलीत टाकली, हिंगासकट. बोंब मारणारा समोर उभा असतो, दादा. त्याचं तोंड दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच तोंडानं दारात यावं लागतं. तू कुठे आलास?

मी मामंजींना सांगितलं. काल दुपारी ते झोपाळ्यावर एकटे होते. मी जमिनीकडे बघत सगळं बोलून टाकलं. पत्र मी लिहिलं, थट्टेनं लिहिलं, माझ्या भावानं त्याचं गाणं केलं, राघोचा काही दोष नाही. मला वाटलं, आता माझीही पाठवणी कोपरच्याच वाटेनं. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग एवढंच विचारलं की, सूनबाई, थट्टेनं म्हणजे तुला हसू आलं होतं का? मी हो म्हटलं. हसू आलं होतं आणि वाईटही वाटलं होतं, असं म्हटलं. ते म्हणाले, बरं, खरं बोललीस.

तुझं शिमग्याच्या रिवाजाचं म्हणणं मी त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, त्याचीही बाजू त्यांना कळावी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, मुलगा लिहितो छान. दादा, त्यांनी तुला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी बंडीतून तो घडी केलेला कागद काढून माझ्या हाती दिला. त्यांचं भाषण. तू मास्तर म्हणून तुला सांगते, सुरेख लिहिलंय. पहिल्याच ओळीत तळं आहे. पिण्याचं तळं वेगळं राखावं, गुरांना दुसरं खणावं, त्यासाठी आमची तळ्यालगतची वाडी ते देणार होते. ज्या पाण्यानं माझा मुलगा नेला ते दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडी जाऊ नये, असं शेवटी लिहिलंय. जे तू मागत होतास तेच. तुम्ही त्यांना दुसऱ्या वाक्यापर्यंतही जाऊ दिलं नाहीत.

आज सकाळी मामंजी स्वतः चालत कोपरला गेले आणि राघोच्या अंगणात हात जोडून उभे राहिले. राघोनं त्यांना बसायला घोंगडी टाकली, नारळाचं पाणी दिलं, पण परत यायला तो तयार नाही. म्हणाला, ज्यांच्यादेखत मला चोर ठरवलं, ते सगळे अजून तेच धरून आहेत. तिथे मी कुठल्या तोंडानं धार काढू?

म्हणून सांगते. चैत्रात मला न्यायला येऊ नकोस. ज्या पटांगणात ते गाणं झालं, त्या पटांगणात उभा राहून, लोकांदेखत, स्वतःच्या तोंडानं सांग की ते मी लिहिलं. ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी मी तुझ्याबरोबर निघेन. नाहीतर इथेच बाळंत होईन. आईच्या हाताखाली जायला मन किती ओढतं, हे तुला लिहून कळायचं नाही. रात्री उठून बसते. पण राघो घरी बसला असताना मी माहेरी लोणचं खाऊ शकत नाही.

आईला हे पत्र वाचून दाखव. गाळू नकोस.

सुमती

ठाणे,
चैत्र शुद्ध ३, शके १८०७

तीर्थस्वरूप पंतांचे चरणी मधुसूदनाचे कृतानेक साष्टांग नमस्कार.

माझी ओळख आपणास आपल्या सुनेचा भाऊ म्हणून आहे. यापुढे त्या छापील कागदाचा कर्ता म्हणूनही असावी. हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितो आहे. वाटेत कुणी वाचलं तरी चालेल.

आईला सुमतीचं पत्र वाचून दाखवलं. तिनं त्या दिवशी अन्न घेतलं नाही. सकाळी मला म्हणाली की नोकरीची काळजी माझ्या नावावर टाकू नकोस, मी लोकांच्या घरी कुरडया घालीन. काल हेडमास्तरांना सगळं सांगून आलो. ते वर कळवणार आहेत, पुढचं त्यांच्या हाती.

येत्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात येऊन चार शब्द बोलावे, अशी इच्छा आहे. आपली परवानगी असावी. आपल्यापुढे उभं राहण्याची माझी लायकी नाही, म्हणून घरी येत नाही. कृपेचा हक्क मी गमावला आहे, तरी ती मागतो.

आपला अपराधी,
मधुसूदन

कल्याण,
चैत्र शुद्ध ११, शके १८०७

ती. मधुदादास सुमतीचा सा. न. वि. वि.

काल तू परस्पर स्टेशनावर गेलास. म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते लिहायला बसले.

तू पटांगणातल्या ओट्यावर चढलास तेव्हा मी माडीवर झडपेशी होते. तोंड उघडताच कुणीतरी माझा भाऊ म्हणून ओळखलं आणि तुझंच गाणं तुझ्यावर सुरू झालं. खुंटीवरल्या पगडीपुढे! तू हात वर केलास, काही सांगू पाहिलंस, पण काही ऐकू येईना. दादा, खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, कळू दे. आणि दुसऱ्या क्षणी तुझा तो वर केलेला हात बघवेना.

सासूबाईंनी मग सांगितलं, मामंजी ओटीवर पान लावत बसले होते. ते उठले. सासूबाईंनी विचारलं, कुठे निघालात? हातातलं पान त्यांनी तबकात ठेवलं. तसेच पटांगणात गेले आणि तुझ्या शेजारी उभे राहिले. ते काय बोलले ते तुला ऐकू आलंच असेल, पण मला वरून त्यांचे पाय दिसत होते. लटपटत होते. त्याला बोलू द्या, असं म्हणाले. कुणी ऐकलं नाही. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पुढचे चार जण गप्प झाले, मग हळूहळू सगळेच. ओरडले नाहीत ते. मग तू बोललास. राघोचं नाव घेऊन तो निर्दोष असल्याचं सांगितलंस. माझं पत्र मायेचं होतं हे सांगितलंस. मी पदरात तोंड खुपसून रडले.

राघोला आज सकाळी इकडची स्वारी स्वतः बोलवायला गेली. तो आला, म्हशीजवळ बसला, ताक घेतलं आणि परत गेला. मिठागरात काम धरलंय म्हणाला. येत जाईन म्हणाला. बघू. तळ्याचं विचारशील तर गोपीनाथरावांनी पहिल्या बैठकीत ते पावसाळ्यानंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं. मामंजींनी वाडी द्यायची तयारी त्यांना कळवली आहे, उत्तर नाही. काठच्या आळीत परवा एक बाई गेली. पटकी नव्हे, असं सगळे म्हणतात.

मी शब्दाला जागते. चैत्र वद्य २ चा दिवस बरा आहे, असं मामंजींनी पंचांग पाहून सांगितलं. त्या दिवशी न्यायला ये. आईला म्हणावं, आता रडू नको.

एक लिहायचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. काल पटांगणातून परत आल्यावर मामंजींनी पाय धुतले, पाटावर बसले आणि जेवता जेवता सासूबाईंना म्हणाले की, होळीच्या दिवशी एवढ्या माणसांत माझ्यासाठी, त्याला बोलू द्या, एवढंच कुणी एकजण म्हणाला असता, तर मी बोललो असतो. मी वाढत होते. चिंचेखाली कोण उभं होतं ते मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि पटांगणात तूही सांगितलं नाहीस. न्यायला येशील तेव्हा माझी बोचकी उचलण्याआधी ओटीवर बस आणि ते सांग.

बहीण म्हणून जी माया आहे ती आहेच.

तुझी
सुमती